पाण्यातले सोयरे
(हीरक महोत्सवानिमित्त विद्यालयात झालेले भाषण)



करोल बागेपासून यमुना फार दूर नाही. महाभारताच्या आदिपर्वात अद्रिका नावाची अप्सरा शापामुळे याच नदीत मासोळी होऊन राहते. कोळ्यांच्या जाळ्यात ती सापडते आणि तिच्या पोटातून एक मुलगा व एक मुलगी निघतात. मुलाला उपरिचर राजा नेतो. अंगाला माशाचा वास येणारी मुलगी कोळ्यांच्या प्रमुखाकडे वाढते, यमुनेवर नाव चालवते. तीच सत्यवती. १९६४ साली वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ नाटकाने तिला मराठी रंगभूमीवर आणले.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी व शेटलंड बेटांवरही असेच नाते सांगितले जाते. तेथील लोककथांत सील किनाऱ्यावर येऊन आपले कातडे उतरवतात आणि माणसे होतात. एखादा तरुण ते कातडे लपवतो आणि त्या स्त्रीशी संसार मांडतो. मुलेबाळे होतात. एके दिवशी कातडे तिच्या हाती लागते आणि ती समुद्राकडे निघून जाते.

अशा कथा सुचण्यास कारण आहे. सीलचे डोके गोल, डोळे मोठे व पाणीदार असतात. त्याच्या वल्ह्यासारख्या परात पाच बोटांची हाडे असतात. भारतात कच्छ व मन्नारच्या आखातांत, पाल्कच्या उपसागरात आणि अंदमानात आढळणारी समुद्रगाय श्वासासाठी पाण्यावर येते आणि पिलाला अंगावर पाजते. जानेवारी १४९३ मध्ये कोलंबसने तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद केली. त्या बहुधा समुद्रगायीच्याच गणातील मॅनटी होत्या.

परंतु नाते सांगणे वेगळे आणि पाळणे वेगळे. बेरिंग समुद्रातील प्रचंड समुद्रगाय १७४१ साली स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने पाहिली. शिकारीमुळे १७६८ पर्यंत ती नामशेष झाली. पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र तिच्या भारतीय बहिणीला मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. पाण्यातून आलेल्या सोयरीला माणसाच्या घरात जागा मिळते, ती तिची खूण नाहीशी झाल्यावर. एकीचे कातडे लपवले जाते. दुसरीचा मत्स्यगंध पराशरांच्या वराने सुगंध होतो, आणि मगच ती हस्तिनापूरची राणी होते. मात्र कुरुवंश खुंटण्याची वेळ आली, तेव्हा सत्यवतीने हाक मारली ती यमुनेच्या बेटावर जन्मलेल्या आपल्या पुत्राला, व्यासांना. राजवाड्यापूर्वीच्या त्या काठानेच राजवाडा तारला.

घर सोडून दूरच्या नगरीत स्थिरावलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. परक्या शहरात मिसळताना आपला गंध पुसण्याचा मोह होतोच. मराठी शाळा तो पुसू देत नाही; आणि ज्याला स्वतःचा गंध जपता येतो, त्यालाच दुसऱ्याचा, मग तो यमुनेतल्या मुक्या जीवाचा का असेना, मान राखता येतो.