समागमानंतरची अंगदुखी

समागमानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या, कंबर वा पोटाचे स्नायू ठणकू लागले, तर ती तक्रार डॉक्टरांपुढे मांडण्याचा संकोच आपल्या समाजात अद्याप इतका प्रबळ आहे की, निरुपद्रवी दुखणे भयापोटी मोठे वाटते आणि ज्याचा इलाज तातडीने व्हावयास हवा ते वर्षानुवर्षे निमूटपणे सोसले जाते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, ते असाच संकोच मोडण्यासाठी.

वस्तुतः समागम हाही श्रमच होय. मांडीच्या आतल्या बाजूचे व कंबरेचे जे स्नायू एरवी फारसे राबत नाहीत, त्यांवर अकस्मात ताण आला म्हणजे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा पोहोचते, आणि तिची वेदना २४ ते ७२ तासांच्या मुदतीत सर्वाधिक जाणवून पुढे आपोआप ओसरते. ऊन पाण्याचा शेक, हलके चालणे, आणि पुढील वेळी कंबरेखाली उशीचा आधार, एवढे बहुधा पुरते.

परंतु स्त्रीला संबंधाच्या वेळी वा नंतर वारंवार वेदना किंवा रक्तस्राव होणे, हे स्नायूंच्या थकव्याच्या सदरात कदापि घालू नये. त्यामागे जंतुसंसर्ग, योनीचा कोरडेपणा वा गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींची गर्भाशयाबाहेर झालेली वाढ असू शकते, आणि 'बाईच्या जातीला हे सोसावेच लागते' असे सांगणारा तिच्यावर घोर अन्याय करतो. छातीत कळ आली किंवा क्षणार्धात असह्य डोकेदुखी उठली, तर स्त्री असो वा पुरुष, बेलाशक आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.