लोणारच्या काठी आपलं स्वागत



स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत. पाण्यामातीतले सूक्ष्मजीव डीएनएवरून मोजणारी मंडळी आमच्या गावी जमली, याचा आनंद आहेच. पण आम्हा लोणारकरांना तुमची गरजही आहे.

जून २०२० मध्ये आमचं सरोवर गुलाबी झालं. नाना तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा उलगडा झाला : उन्हाने पाणी आटलं, क्षार वाढले आणि हॅलोआर्किया हे लवणप्रेमी जीव फोफावले. रंग त्यांचा होता. कोण आहेत ते कळलं. पण कोणत्या ऋतूत किती आहेत, हे वर्षानुवर्षं मोजलं तरच पुढचा बदल वेळेत ओळखता येईल.

बशीत वाढवून मोजावं, तर निसर्गातले बहुसंख्य सूक्ष्मजीव तिथे वाढतच नाहीत. म्हणून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याची पद्धत. प्रत्येक चक्रात डीएनए जवळजवळ दुप्पट होतो. वाढलेल्या डीएनएमुळे यंत्रात एक नमुना दुसऱ्यापेक्षा दहा चक्रं आधी चमकला, तर त्यात डीएनए मुळातच सुमारे हजारपट होता. ही दुप्पट घडवणारं टॅक पॉलिमरेज हे विकर ज्या जिवाणूचं, तो सापडला अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा पीसीआरचा जन्मही झाला नव्हता. लोणारसारखं पाणी जपायचं, ते पुढे असं काही उपयोगी पडेल यासाठीही.

माझा एक आग्रह आहे. यंत्रावरचा आकडा म्हणजे जिवंत पेशींची शिरगणती नव्हे. मेलेल्या पेशींचा डीएनएही त्यात येतो. ज्यावरून मोजतो त्या १६एस जनुकाच्या ई. कोलायमध्ये सात प्रती असतात, कुणात एकच. गाळातली ह्युमिक आम्लं तर विकरालाच अडवतात. दहापट पातळ केलेला नमुना साधारण ३.३ चक्रं उशिरा चमकायला हवा. त्याहून लवकर चमकला, तर मूळ नमुन्यात अडथळा आहे असं समजावं. एवढा पडताळा प्रत्येक शोधनिबंधात दिसलाच पाहिजे. या आकड्यांवर उद्या सरोवराबाबतचे निर्णय होणार आहेत.

उद्या सकाळी आपण सरोवराच्या विवरात उतरू. परवानगीशिवाय पाणी किंवा गाळ कुणीही घेऊ नये, ही नम्र विनंती. राहण्याजेवणात काही कमी पडलं, तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. आता अध्यक्ष महोदयांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी मी त्यांना विनंती करतो.