नकाराचा हक्क आणि जगण्याची सोय

लॅरी मॅकॅफी हा अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा तरुण. १९८५ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याचे मानेखालचे शरीर लुळे पडले आणि श्वासासाठी तो यंत्रावर अवलंबून राहिला. बुद्धी मात्र शाबूत होती. विम्याचा पैसा होता तोवर सेवकांच्या मदतीने तो स्वतःच्या घरी राहिला. पैसा संपताच त्याची रवानगी परराज्यातील शुश्रूषागृहात आणि पुढे अ‍ॅटलांटातील अतिदक्षता विभागात झाली. अखेर त्याने श्वसनयंत्र बंद करण्याची परवानगी मागितली. १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. त्या वेळी वेदना होऊ नयेत म्हणून गुंगीचे औषध मिळण्याचा हक्कही मान्य केला.

या निर्णयामागील तत्त्व योग्यच होते. सज्ञान, विचारी माणसाच्या देहावर त्याच्या इच्छेविरुद्ध उपचार लादण्याचा अधिकार कोणालाही नाही. अपंगत्वामुळे हा हक्क कमी होत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली, मरणासन्न रुग्णाच्या संदर्भात, सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात अंतर्भूत मानला.

तथापि, निवड नेहमी उपलब्ध पर्यायांतूनच होते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ येथे विसरून चालणार नाही. मॅकॅफीपुढे पर्याय दोनच होते: संस्थेतील खाट किंवा मृत्यू. रुग्णालयातील सर्वांत महागड्या खाटेसाठी पैसा निघत होता. घरी येणाऱ्या मदतनिसाच्या वेतनासाठी निघत नव्हता. मरणाची परवानगी तत्परतेने मिळाली, घराची मागणी मात्र कोणी ऐकली नाही. तेथील अपंगांच्या चळवळीचा आक्षेप नेमका यावर होता.

पुढे चळवळीच्या आणि इतरांच्या प्रयत्नांतून त्याला संगणकाचे शिक्षण मिळाले, लहान निवासगृहात राहण्याची सोय झाली. न्यायालयाने दिलेली परवानगी त्याने वापरली नाही. १९९५ साली त्याचा मृत्यू झाला.

यावरून प्रत्येक अपंग माणूस आपला निर्णय बदलेल, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. सर्व सोयी मिळूनही जो उपचार नाकारील, त्याच्या नकाराचा मान राखलाच पाहिजे. परंतु मदतनीस, घर आणि काम नाकारून समाजाने त्या नकाराला स्वातंत्र्याचे नाव देऊ नये.

भारतात २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क दिला असून त्यात वैयक्तिक साहाय्याचाही उल्लेख आहे. कायद्यातील हे शब्द अंदाजपत्रकात रकमेच्या रूपाने उतरतात की नाही, हे प्रत्येक तालुक्यात विचारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. उपचार नाकारण्याच्या हक्काला खरा अर्थ त्यानंतरच येईल.