मनगटावरचा जागल्या

आपल्याच झोपेची साक्ष आपल्याला देता येत नाही, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. घरची मंडळी घोरण्याची तक्रार करतात, आणि घोरणारे गृहस्थ मात्र 'काय गाढ झोप लागली!' म्हणून समाधान मानतात.

वस्तुतः घोरणे हे पुष्कळदा गाढ झोपेचे लक्षण नसते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काहींच्या बाबतीत श्वासाची वाटच बुजते. दहा सेकंद, कधी त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि मेंदू दचकून क्षणभर जागा होतो. हाच 'स्लीप ॲप्निया'. तासाला असे पंधरा किंवा अधिक अडथळे आले, तर उपचारांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. सकाळी डोके जड, दिवसा डुलक्या, वाढता रक्तदाब, अशी ही परंपरा असते; आणि डुलकी मोटार हाकणाऱ्याला लागली, तर संकट त्याच्या एकट्याचे राहत नाही.

पूर्वी गावात रात्री जागल्या फिरत असे. तसा एक जागल्या आता मनगटावर आला आहे. प्राणवायूने भरलेले आणि त्याला पारखे झालेले रक्त प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषते. नाडीच्या ठोक्यांबरोबर होणारा हा फरक मोजण्याची युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. सॅमसंगचे घड्याळ याच मार्गाने प्राणवायूचे चढउतार पाहते. ॲपलचे घड्याळ श्वासाबरोबर होणारी मनगटाची सूक्ष्म हालचाल टिपते. या दोन्ही सोयींना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ साली मान्यता दिली.

परंतु जागल्या हाक देतो, निवाडा करीत नाही. ॲपलच्याच चाचणीत मध्यम वा तीव्र विकार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६६ जणांनाच इशारा मिळाला. खोटी हाक मात्र क्वचितच उठली. म्हणून हाक आली, तर डॉक्टरांकडे जाऊन रीतसर निद्राचाचणी करून घ्यावी. आणि आली नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. विकार ठरला, तर मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट मोकळी ठेवणारे यंत्र १९८१ पासून वैद्यकाला ठाऊक आहे.

असे घड्याळ फार थोड्यांच्या मनगटावर असते. पण एक जुना जागल्या बहुतेक घरांत असतोच. थांबलेला श्वास परत येईपर्यंत जे माणूस शेजारी उठून बसते, त्याचे म्हणणे थट्टेवारी नेऊ नका. ते डॉक्टरांच्या कानी घाला.