दोर बांधण्यापूर्वीचा हिशेब



बोअरमधली मोटर बिघडली की चारजण जमतात, घोडी उभी राहते आणि कुणीतरी म्हणतं, "असेल दोन क्विंटल, ओढा!" दोन वर्षांपूर्वी आमच्या मळ्यात हे मीच म्हणालो होतो. पहिलाच पाइप निम्मा वर आला असेल, तोच दोर तुटला. मोटरीसकट सगळी माळ खाली गेली आणि पुतण्याचे दोन्ही तळहात सोलून निघाले. ते हात अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

पाइप सव्वा इंची होता. पण हे नाव आतल्या भोकाचं, तेही ढोबळ. वजनाला लागतो बाहेरचा व्यास. पाइपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि घेर मोजा. १३३ मिलिमीटर भरतो, त्याला ३.१४ ने भागलं की ४२.४. जाडी मात्र आटे पाडलेल्या टोकाशी मोजू नका, तिथला धातू कातलेला असतो. निळ्या पट्ट्याच्या, म्हणजे बी क्लासच्या पाइपाची जाडी ३.२ मिलिमीटर.

आता पाइप उभा चिरून पत्र्यासारखा पसरला आहे असं समजा. पत्र्याची रुंदी बाहेरच्या घेराएवढी नसते, आतल्याएवढीही नसते. मधल्या घेराएवढी असते. म्हणून व्यासातून आधी जाडी वजा करायची. उरले ३९.२. त्याला ३.२ ने गुणा, मग ०.०२४६६ ने. हा शेवटचा आकडा पोलादाच्या घनतेतून येतो; एक घनमीटर पोलाद ७,८५० किलो भरतं. उत्तर येतं मीटरला ३.०९ किलो. सहा मीटरचा एक पाइप साडेअठरा किलोंचा, पंधरा पाइप २७८ किलोंचे.

आणि मी विसरलो होतो ते पाणी! खालचा व्हॉल्व्ह धरून असेल तर पाइप भरलेलेच असतात. मीटरला साधारण एक लिटर, म्हणजे आणखी नव्वद किलो. मोटर, केबल, सॉकेट धरले की चारशेच्या घरात गेलो. पाण्याखाली बुडालेला भाग थोडा हलका लागतो खरा, पण ती सूट धरूच नका.

एक टनाची चेन कप्पी भाड्याने आणा. तिच्यावर कोरलेला आकडा स्वतः वाचा. घोडीचे पाय भुसभुशीत मातीत असतील तर खाली फळ्या द्या. आणि सॉकेटखाली क्लॅम्प आवळून तो केसिंगवर नीट टेकल्याशिवाय वरचा पाइप सोडवायला पाना लावू नका.