एका तारेवर बत्तीस घरं

नागाव-चौलच्या वाडीत एका विहिरीचं पाणी पाटानं साऱ्या पोफळींना पोचतं. घरोघरचं फायबर इंटरनेटही असंच वाटून येतं. केसाएवढी काचेची तार एक्स्चेंजमधून निघते आणि खांबावरच्या एका डबीत तिला बहुधा ३२ फाटे फुटतात. या डबीला वीज लागत नाही. मात्र प्रकाश पाचदा अर्धा होत होत येतो, म्हणजे प्रत्येक घरी बत्तिसावा हिस्सा. त्यातच खारं वारं जोडाशी घुसलं किंवा तार माडाला करकचून बांधली, की उरलेलाही मंदावतो. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० रोजी, खांबच आडवे झाले, ते वेगळं.

प्रचलित जीपॉन पद्धतीत येणारी माहिती दवंडीसारखी साऱ्या घरांत जाते. जो तो आपली तेवढी उचलतो. सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट, बत्तीस जणांनी एकदम ओढली तर प्रत्येकी ७८ मेगाबिट. एवढ्यात कुणाचं अडत नाही. माझा अनुभव असा, की शनिवारी पर्यटकांनी गाव भरल्यावर होणारा खोळंबा बहुतेकदा एक्स्चेंजच्या पलीकडच्या वाटेवर असतो.

खरी कसरत परतीच्या वाटेवर. तिथे पाण्यासारखी पाळी लावावी लागते. काचेतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सेकंदाचे ५ दशलक्षांश भाग लागतात. त्यामुळे जवळच्या घरानं थोडं थांबून बोलायचं, लांबच्यानं आधी. तरच दोघांचे शब्द एकमेकांवर आदळत नाहीत. हा हिशेब एक्स्चेंजमधलं यंत्र ठेवतं.

पण एकानं पाळीच मोडली तर? मागे किनाऱ्यावरच्या एका गावात प्रवेश अर्ज भरायची मुदत संपत आली आणि सगळी घरं एकदम बंद. तार शाबूत, प्रकाश पुरेसा. मग एखादं यंत्र अखंड उजेड पाडत असणार, अशी शंका आली. खांबावर चढून एकेक फाटा सोडवत गेलो. एकोणिसावा सोडला आणि खालून पोरं ओरडली, "काका, आलं!"

तो फाटा मुंबईकरांच्या कुलूपबंद बंगल्याचा होता. मेन स्विच चालूच राहिलेला. मालकांना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, तिथे दिवाळीपासून कुणी राहतच नाही, मग आमच्यामुळे कसं बंद पडेल?" किल्ली रविवारी आली. अर्ज तोवर भरून झाले होते.