भाषणामागची बैठक



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये जिथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या पुण्यात स्वागत समिती आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. वक्त्यांची वाण या शहराला कधीच नव्हती. पण ज्यांच्या बोलण्याने राज्यकर्त्यांनाही हिशेब द्यावा लागला, त्यांच्या भाषणामागे अभ्यासाची पक्की बैठक होती. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांतले ठळक नाव.

26 मार्च 1902 रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखले अर्थसंकल्पावर प्रथमच बोलायला उभे राहिले. तिजोरीत शिल्लक पडत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण मानत होते. गोखल्यांनी त्या शिल्लकीचे मूळच उघडे केले. लंडनला पाठवायच्या रकमा पौंडांत ठरत. रुपया 13 पेन्सांचा होता, तेव्हा एका पौंडाला साधारण साडेअठरा रुपये मोजावे लागत. टाकसाळी बंद करून तो 16 पेन्सांवर नेल्यावर 15 रुपयांत भागू लागले. पडत्या रुपयाच्या काळात वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेहून जास्त वसुली होत होती, तिलाच शिल्लक म्हटले जात होते.

पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. प्राप्तिकराची माफी 500 रुपयांवरून 1000 वर गेली. दोन्ही मागण्या गोखल्यांनी लावून धरल्या होत्या.

ही तयारी एका रात्रीची नव्हती. रानड्यांच्या देखरेखीखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवाल बारकाईने वाचण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणली. पेशाने शिक्षक असलेले गणेश व्यंकटेश जोशी आकडेवारीत मुरलेले होते. त्यांचे साहाय्य गोखले आवर्जून घेत.

दुसऱ्यांकडूनही त्यांची हीच अपेक्षा असे. जानेवारी 1915 मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, तेव्हा वर्षभर देश पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले. पुढच्याच महिन्यात गोखले गेले, पण गांधीजींनी शब्द पाळला आणि ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडले. फेब्रुवारी 1916 मध्ये बनारसला ते राजेमहाराजांसमोर बोलले. त्या भाषणात काशी विश्वनाथाच्या परिसरातली अस्वच्छता होती, तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे हालही होते. सारे डोळ्यांनी पाहिलेले!

याच जाणिवेने स्वागत समितीने या संमेलनात व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नोत्तरांना दिला आहे. वक्त्यांनी आधाराला घेतलेले ग्रंथ आणि अहवाल शेजारच्या दालनात मांडले आहेत. श्रोत्यांनी ते जरूर चाळावेत, आकडे पडताळावेत आणि जे पटणार नाही ते सभेतच विचारावे. वक्त्यांनीही अशा प्रश्नांचे स्वागत करावे. संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, अशी स्वागत समितीची नम्र विनंती आहे.